खारूताईने पेशी धुतल्या

माझी आत्या जळकुकडी आहे. हे मी प्रेमाने लिहितेय आणि तिने वाचलं तरी काही बिघडत नाही, कारण ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरते. शेजारणीने नवे पडदे लावले की आमचे जुने पडदे त्याच दिवशी धुवायला निघतात. आतोबांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि आतोबा घरी येऊन चुकून म्हणाले की आज एका बाईंना ती गोल फ्रेम फार शोभली, तर त्या संध्याकाळी आतोबांना चहा कोमटच मिळतो. पण हे सगळं लुटुपुटूचं. आतून करपवणारं जळणं मी तिचं एकदाच बघितलं, आणि ते एका मुलीवरून होतं, म्हणजे खरं तर एका मशीनवरून, म्हणजे दोन्हीवरून.

मी कॉलेजसाठी आत्याकडे राहते. आत्या एका संशोधन संस्थेत सॉर्टर चालवते. सॉर्टर म्हणजे काय हे मला दरवेळी सांगावं लागतं, तर सांगूनच टाकते. शुक्राणू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तो शेपटीवाला येतो, पण तो काही शेपटीसकट टपकत नाही. आधी एक साधी गोल पेशी असते. ती स्वतःचा डीएनए दुप्पट करते, मग दोनदा वाटणी करते, त्यातून छोट्या छोट्या गोल पेशी निघतात ज्यांच्याकडे निम्माच वाटा असतो, आणि मग त्या हळूहळू बारीक होत होत शेपूट काढतात. उंदरात, बैलात, माणसात, सगळ्या सस्तन प्राण्यांत साधारण असंच. भानगड ही की वृषणात या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी चालू असतात, एकमेकींना चिकटून. शाळा सुटली की बालवाडीपासून दहावीपर्यंतची पोरं एकाच फाटकातून लोंढ्याने बाहेर पडतात ना, तसं. आता कोणाला त्यातली फक्त सातवीतलीच पोरं हवी असतील तर? तर आत्याकडे यायचं.

उंदराच्या पेशी सुट्या करून त्यांना एक रंग देतात. तो डीएनएला जाऊन बसतो, जेवढा डीएनए तेवढी पेशी चमकते. मशीन त्या पेशी केसाएवढ्या धारेतून एकामागे एक लेझरसमोरून पळवतं. मग धारेचे थेंब होतात, आणि ज्या थेंबात हवी ती पेशी असेल त्याला विजेने ओढून बाजूच्या ट्यूबमध्ये पाडतं. आणि हे सगळं आत्या स्क्रीनवर बघत असते. प्रत्येक पेशीचा एक ठिपका. ठिपक्यांचे ढग तयार होतात आणि आत्या त्या ढगाभोवती हाताने कुंपण काढते. आतल्या पेशी ठेवायच्या, बाहेरच्या जातात वाया. त्या कुंपणाला गेट म्हणतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आत्या चित्रं काढते.

नातेवाइकांत हे सांगायची मोठी पंचाईत. माझी आई मान खाली घालून म्हणते, "वन्सं लॅबमध्ये असतात." आतोबा सरळ म्हणतात, "आमची ही वाटण्या करते. वकिलापेक्षा बरी, भांडण लावत नाही."

आणि आत्याला या कामाचा गर्व आहे. प्रचंड. मी पाळण्यात होते तेव्हापासून ती त्या खुर्चीवर बसतेय. संस्थेत कोणालाही उंदराच्या पेशी वेगळ्या करून हव्या असतील तर वाट आत्याच्या दारावरून जाते. मग बातमी आली की जुनं मशीन थकलंय, नवं येणार. नवं मशीन शिकायला एकालाच पाठवणार होते, दूर, महिनाभर, आणि जो शिकून येईल तो नव्या मशीनचा मालक. आत्याने बॅगसुद्धा काढून पुसून ठेवली. सरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, फक्त एवढंच म्हटलं होतं, "बघू." आत्याने ते "हो" असं ऐकलं.

आणि मग ती आली.

रक्ताच्या पेशींवर काम करणाऱ्या कुठल्यातरी लॅबमधून आली होती. माझ्यापेक्षा जरा मोठी. पुढचे दोन दात मोठे आणि हात असे भरभर चालायचे की आत्याने पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन नाव ठेवलं, खारूताई.

"काकू म्हणाली मला," आत्या म्हणाली. पर्स अजून खांद्यावरच होती.

आतोबा पेपरमधून म्हणाले, "मग काय आजी म्हणायला हवं होतं?"

"मॅडम. सगळे मॅडम म्हणतात. हिला मी काकू दिसते."

"म्हटलं असेल आपुलकीने."

"आपुलकी घरी ठेवायची."

दुसऱ्या दिवसापासून खारूताई मॅडम म्हणायला लागली, कोणीतरी सांगितलं असणार. त्याचाही आत्याला राग आला, कोणी सांगितलं म्हणून.

त्यानंतर आमच्या घरात रोज जेवताना खारूताई. खारूताईने आज पाइप बदलला, मला न विचारता. खारूताई डबा उभ्या उभ्या खाते. खारूताई सरांना म्हणाली की आमच्याकडे असं करायचो, आमच्याकडे तसं करायचो. मग राहायचं होतं ना तिकडेच. मी परीक्षेत वर्गात पहिली आले होते त्या आठवड्यात, हे मी तीन वेळा काढायचा प्रयत्न केला आणि तीनही वेळा मध्ये खारूताई. मी आत्याची लाडकी होते हो. घरात दुसरं कोणी नाहीच, त्या दोघांना मूल नाही, मी आल्यापासून सगळं माझ्याभोवतीच चाललं होतं. आणि आता एक बाई जिला मी नीट बघितलंही नाही ती माझ्या ताटाशेजारी येऊन बसलेली. वाईट बोलण्यासाठी का होईना, दिवसभर तिचंच नाव. मी आत्यापेक्षा कमी जळत नव्हते. रक्तातच आहे आमच्या.

म्हणून मी कॉलेज सुटलं की संस्थेत जायला लागले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि अभ्यासाचं नाटक करायचं. खोली छोटी, थंडगार, खिडकी नाही, मशीनची सतत घरघर, आणि भिंतीवर कोणीतरी चिकटवलेलं उंदराचं चित्र ज्याला कोणीतरी मिशा जास्तीच्या काढलेल्या. आत्या खुर्चीवर, खारूताई तिच्या मागे उभी. आत्या तिला बसायला सांगत नाही हे मी पहिल्याच दिवशी बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

पण मग ते गेटचं झालं.

एका दाढीवाल्याला, तो तिथे पीएचडी करतो आणि सगळे त्याला दाढ्याच म्हणतात, वाटणी सुरू होण्याच्या जरा आधीच्या पेशी हव्या होत्या. आत्याने ढगाच्या बरोबर मधोमध घट्ट छोटं गेट काढलं. आत्याचं गेट नेहमी घट्ट. थोड्या मिळाल्या तरी चालतील, पण भेसळ नको. खारूताई मागून म्हणाली, "मॅडम, कडेच्या घेतल्या तर?"

"कडेच्या कचरा असतो."

"पण या एकातून दुसरीकडे चाललेल्या असतात ना. आत्ता कडेला आहेत म्हणजे निघाल्यात पुढे. दाढ्याला त्याच हव्यात."

आत्या म्हणाली, "तुला दाढ्याचं काय हवंय ते कळतं?"

दाढीवाला मध्येच, "मॅडम, खरं तर मला पण..."

"तू गप रे."

सर नेमके दारात होते. त्यांनी सांगितलं, दोन्ही गेट लावा, दोन्ही ट्यूब सूक्ष्मदर्शकाखाली बघू. बघितल्या. आत्याच्या ट्यूबमध्ये सगळ्या एकसारख्या, सुंदर, आणि दाढीवाल्याच्या अजिबात कामाच्या नाहीत. त्याला हव्या होत्या त्या खारूताईच्या ट्यूबमध्ये सापडल्या, थोड्या भेसळीसकट. सर म्हणाले, "व्हेरी गुड," आणि बोलताना बघत होते खारूताईकडे.

त्या संध्याकाळी आतोबांनी विचारलं, आज खारूताईची बातमी नाही का. आत्या उठून बाल्कनीत गेली आणि वाळलेले कपडे परत झटकून वाळत घालायला लागली. मी तिच्या मागे गेले तर म्हणाली, "मी इतकी वर्षं कडेच्या फेकून देत होते."

"मग काय झालं," मी म्हटलं.

"काय झालं विचारू नकोस. मला तिचा गळा दाबावासा वाटला. बरोबर होती म्हणून. चुकली असती तर इतका नसता वाटला."

आता मुख्य गोष्ट. त्यानंतर काही दिवसांनी सरांनी ठरवलं की खारूताईने एक अख्खं काम एकटीने करून दाखवायचं, पेशी रंगवण्यापासून सॉर्ट करेपर्यंत. आत्याने फक्त शेजारी असायचं. सगळ्यांना कळलं की ही परीक्षा आहे आणि ट्रेनिंगला कोण जाणार ते यावर. उंदीरही खास होते. कोवळ्या वयाचे नर, कारण त्यांच्यात पेशींची पहिली तुकडी बरीचशी एका पावलाने चालते, अमुक वयाला बहुतेक सगळ्या अमुक पायरीवर. वय एकदा हुकलं की पुढच्या पिल्लांची वाट बघायची. दाढीवाला सकाळपासून देवासमोर उभं राहावं तसा मशीनसमोर उभा होता.

मी पण होते. कॉलेज बुडवून.

खारूताईने ग्लोव्हज चढवता चढवता विचारलं, "मॅडम, रंगाचं काही खास लक्षात ठेवायचं?"

आत्या म्हणाली, "नेहमीसारखंच."

आता मला तेव्हा काही कळत नव्हतं, नंतर कळलं ते सांगते. रक्ताच्या कामात रंग दिला की पेशी धुतात. ट्यूब गरागरा फिरवायची, पेशी तळाला बसतात, वरचा रंग ओतायचा, ताजं द्रावण घालायचं. खारूताईने आयुष्यभर तेच केलं होतं. पण हा डीएनएचा रंग जिवंत पेशींत नुसता पाहुण्यासारखा असतो. बाहेर रंग आहे तोपर्यंत आत थांबतो. धुतलं की निघून जायला लागतो. म्हणून इथे धुवायचं नाही, रंगातच ठेवून तसंच मशीनला लावायचं. हे कुठे चिकटवून ठेवलेलं नव्हतं, कारण रंगवायचं काम नेहमी आत्याच करायची.

खारूताईने कोमट पाण्यातून ट्यूब काढल्या, पुसल्या आणि शेजारच्या खोलीत सेंट्रिफ्यूजकडे, म्हणजे त्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्राकडे, निघाली. आत्या दारातच उभी होती. बाजूला झाली. तिला वाट दिली. मी स्टुलावरून आत्याचं तोंड बघत होते, ते उघडलं आणि मिटलं.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही."

सेंट्रिफ्यूजचं झाकण लागल्याचा आवाज आला, मग घरघर. आत्या ती घरघर संपेपर्यंत तिथेच दाराला टेकून उभी राहिली, हातातले ग्लोव्हज उलटेसुलटे करत. नुसतं "अगं थांब" एवढंच म्हणायचं होतं.

स्क्रीनवर ढग आलेच नाहीत. नेहमी तीन-चार गुबगुबीत ढग असतात, त्या दिवशी पाटीवर ओला बोळा फिरवल्यासारखा एक फराटा. खारूताईने लेझर तपासला, धार तपासली, परत सुरू केलं. फराटाच. दाढीवाला खाली फरशीवर बसला. मग सर आले.

"काय केलंस नेमकं?"

खारूताईने एकेक सांगितलं. धुतल्या म्हटल्यावर सरांनी डोळे मिटले.

"या धुवायच्या नसतात. तुम्ही सांगितलं नव्हतं का हिला?" हे आत्याला.

आत्या बोलायच्या आतच खारूताई म्हणाली, "माझंच चुकलं सर. मी सवयीने केलं. नीट विचारायला हवं होतं."

पण तिने विचारलं होतं. मी ऐकलं होतं. आत्यानेही.

दोनच दिवसांनी आत्या घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "ट्रेनिंगला माझं नाव गेलं." आतोबा उठून आइस्क्रीम आणायला खाली निघाले. मी म्हटलं, "बरं झालं. खारूताईची चांगली जिरली." मला खरंच आनंद झाला होता. आत्या महिनाभर जाणार, पण ती जिंकून जाणार होती, आणि ताटाशेजारची ती आगाऊ बाई एकदाची उठणार होती.

आत्या म्हणाली, "गप बस कार्टे."

ती कधी असं बोलत नाही माझ्याशी. आतोबा चपलेत पाय घालून तसेच थांबले.

आत्या सोफ्याच्या कडेवर बसली. "जिन्यात भेटली आज मला. म्हणे मॅडम, अभिनंदन. मी म्हटलं, थँक्यू. तर पुढे म्हणते, तुम्ही त्या दिवशी दारात होतात ना, मला वाटलं मी चुकत असेन तर मॅडम थांबवतील, म्हणून मी बिनधास्त गेले."

"टोमणा मारला?" मी विचारलं.

"तसं असतं तर बरं झालं असतं. साधं बोलली गं. मी म्हटलं, मग सरांना का नाही सांगितलंस. तर म्हणे, तुम्हाला वाईट वाटलं असतं." आत्याने ते वाक्य तोंड वाकडं करून परत म्हटलं. "मला वाईट वाटलं असतं म्हणे. ही कोण माझ्या वाईट वाटण्याची काळजी घेणारी."

आतोबा म्हणाले, "अगं मग चांगली आहे की मुलगी."

"तेच तर," आत्या म्हणाली. "हात चांगले. नजर चांगली. वय तर आहेच. आणि आता मनानेही मोठी. मला काय शिल्लक ठेवलं मग तिने?"

मला एवढंच दिसलं की आत्या पहिल्यांदा अशा गोष्टीवरून जळतेय जी विकत मिळत नाही आणि शिकूनही येत नाही. आइस्क्रीम काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी संस्थेच्या फाटकाशी गेले तर आत्या बाहेरच येत होती. आम्ही चालत निघालो. फाटक मागे पडल्यावर ती म्हणाली, "सांगून टाकलं सरांना."

"काय?"

"तिने मला विचारलं होतं. आणि ती ट्यूब घेऊन चालली होती ते मी बघितलं आणि तोंड उघडलं नाही. सगळं सांगितलं."

मी रस्त्यातच थांबले. मागून सायकलवाला ओरडला. "अगं पण का? तिने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. कोणाला कळलं नसतं."

"म्हणून तर. ती मोठी आणि मी लहान, असं आयुष्यभर त्या खोलीत बसायचं? जमणार नाही मला." ती चालायला लागली. "सर म्हणाले, हे मला कशाला सांगताय. मी म्हटलं, कारण ती सांगत नाहीये."

"मग?"

"मग काय. पंख्याकडे बघत बसले. म्हणाले ट्रेनिंगला तिलाच पाठवतो. मी म्हटलं ठीक आहे."

"ठीक आहे?"

"ठीक नाहीये. म्हटलं पण. दाढ्याला जाऊन सांगितलं, तो फार बोलला मला. बोलायला हवंच होतं, त्याची महिन्यांची मेहनत गेली आणि उंदीर गेले ते वेगळेच. मी ऐकून घेतलं." सिग्नल लागला. आत्याने माझा हात धरला, मी लहान असल्यासारखा. मला तिचा अभिमान वाटला असं लिहिलं असतं, पण तेव्हा मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं. खारूताईने काही न करता नेलं होतं मशीन. खारूताई जिंकली होती आणि आता आत्याच्या तोंडून तिचं नाव कमी होणार नव्हतं, उलट वाढणारच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी खारूताई घरी आली. मी दार उघडलं. जवळून ती आणखीच लहान दिसत होती आणि दात एवढेही मोठे नाहीत, हे मला आवडलं नाही. आत्याने चहा टाकला. कोमट नाही, चांगला कडकडीत. दोघी समोरासमोर बसल्या आणि बिस्किटांकडे बघत राहिल्या. आतोबांनी खारूताईचा चष्मा मागून घेतला आणि त्याचा सैल स्क्रू आवळायला लागले, तेवढीच काहीतरी हालचाल म्हणून.

"मॅडम, तिथे काही अडलं तर तुम्हाला फोन केला तर चालेल?"

"कर," आत्या म्हणाली. "जेवायच्या वेळी नको."

"बरं."

"आणि तिकडचे लोक काहीही सांगतील, पण मशीन बंद करताना घाई करायची नाही. घाई फार करतेस तू."

"हो मॅडम."

"रंग धुवायचा नाही."

खारूताई हसली. आत्या नाही हसली. मग खारूताईनेही हसू आवरलं, आणि म्हणाली, "मॅडम, मला खरं तर तुमचा राग आला होता. खूप. त्या रात्री मी रूमवर रडले."

आत्या म्हणाली, "हे आधी सांगायचंस ना." आणि तिने बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

खारूताई गेली. आतोबा दार लावून वळले, खूश होते, म्हणाले, "चला, मैत्री झाली एकदाची."

"कुठली मैत्री?" आत्या कप उचलत म्हणाली. "चूक माझी होती, ती मी सांगितली. संपलं. म्हणून ती मला आवडायलाच पाहिजे असा काय नियम आहे? नाही आवडत. परत येईल ती ऐटीत, नव्या मशीनवर बसेल, मी जळेन. रोज जळेन. आणि जुनं मशीन बंद होईपर्यंत माझं आहे, त्याला हात लावू देणार नाही मी तिला."

आतोबांनी कपाळाला हात लावला.

मला मात्र इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी जाऊन सोफ्यावर आत्याला चिकटून बसले, अगदी अंगाला अंग लावून. म्हटलं, "मला पण नाही आवडली."

"तुला काय केलंय तिने?"

मी सांगितलं नाही. आत्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं, मग म्हणाली, "तुझा तो निकाल काय लागला गं, पहिली की काय आलीस म्हणत होतीस?"

"ते आठवतंय तुला?"

"आठवतंय म्हणजे काय, ऐकत होते मी. सरक जरा, उकडतंय. आणि सांग नीट पहिल्यापासून."